फोटो कधी देता, बाई?

लग्नात अक्षता पडतात, वाजंत्री दम खायला थांबते, आणि पंगत बसायच्या आत कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावून विचारतं, "फोटो कधी देता, बाई?" विचारणारा कधी नवऱ्या मुलाचा मित्र असतो, कधी करवली असते, तर कधी नुसता मधे आल्यामुळे फोटोत सापडलेला पाहुणा. राजूरला स्टुडिओ टाकला तेव्हापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की आमचे मास्तर म्हणतात, मी झोपेतही "महिन्याने" असं उत्तर देते.

मास्तर म्हणजे माझे यजमान. त्यांची शाळेतली नोकरी राजूरला लागली म्हणून मी इथे आले. माझं माहेर कोल्हारचं. प्रवरेच्या काठी, उसाच्या सपाट मुलखात माझं बालपण गेलं. तिकडे नजर टाकली की ती आडवी पसरत जाते. इथे राजूरला आले तेव्हा नजर सारखी कशाला तरी अडायची. समोर डोंगर, मागे डोंगर, आणि पावसाळ्यात तर खिडकी उघडी राहिली की ढगच घरात यायचा. कपडे वाळायचे नाहीत, वह्यांना बुरशी यायची. मास्तर शाळेत गेले की मी दारात बसून समोरची माणसं धुक्यात विरताना आणि पुन्हा उमटताना बघत राहायची. मला वाटतं, फोटोचं वेड तिथेच लागलं. वडिलांचा जुना कॅमेरा माहेराहून घेऊन आले, आणि बाजाराच्या रस्त्यावरच्या एका खोलीत पाठीमागे निळा पडदा लावून पासपोर्ट फोटो काढायला बसले. पुढे लग्नं मिळू लागली. बाई फोटोग्राफर असल्याचा एक फायदा असा, की नवरीच्या खोलीत मला कोणी अडवत नसे. नटताना रडणाऱ्या, आरशासमोर गप्प बसलेल्या, घाईघाईत दोन घास खाणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या. चर्चमधली लग्नं काढली, मांडवातली काढली. खोली तीच, हुरहुर तीच.

तेव्हा रीळ असायचं. लग्न उरकलं की ते एसटीने संगमनेरला पाठवायचं. तिकडे ते धुतलं जायचं, छापलं जायचं आणि कधीतरी परत यायचं. घाटात दरड पडली की आणखी लांबायचं. मध्यंतरी लोक वाट बघायचे. फोटो येईपर्यंत नवरी सासरी जाऊन एकदा माहेरी परत आलेली असायची, मांडवाच्या खड्ड्यांवर गवत उगवलेलं असायचं. पाकीट उघडलं की घरातली सगळी माणसं डोकी जोडून त्यावर वाकायची, आणि ते लग्न त्यांना फार मागे पडलेल्या एखाद्या दिवसासारखं दिसायचं. मला ते आवडायचं.

मग रीळ गेलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच फोटो दिसू लागला आणि लोकांचा धीर संपला. अकोल्याच्या एका साखरपुड्यात मुलगी मुलाच्या बोटात अंगठी घालत होती. अंगठी पेराशी अडकली होती, आणि मुलाने तेवढ्यात माझ्याकडे वळून सांगितलं, की हा फोटो लगेच मोबाईलवर टाका, मित्र थांबलेत. मी त्याला म्हटलं, आधी अंगठी तरी आत जाऊ दे.

मी मात्र महिना सोडला नाही. लोकांना वाटायचं, बाई आळशी आहे, नाहीतर कामं जास्त घेते. तसं नव्हतं. एका लग्नाचे हजारांनी फोटो निघतात. त्यातून निवडायचे, ज्यांचे डोळे मिटलेत ते काढून टाकायचे, रंग सारखे करायचे, चेहरे उजळायचे, पानं मांडायची, लॅबला पाठवायची. हे काम हाताने होतं, ते मन लावून बसलं तर लवकरही होईल. पण लग्न करून आल्यावर माझ्या डोक्यात बँड वाजत असतो. त्या गडबडीत सगळे फोटो सारखेच वाटतात. काही दिवस जाऊ दिले, की सकाळच्या शांततेत कॉम्प्युटर लावावा आणि एकेक चेहरा हळूहळू वर यावा. कोपऱ्यातली एखादी आत्या, मांडवाच्या खांबाला टेकलेला मुलीचा भाऊ. तो महिना मला त्यांच्यासाठी हवा असायचा.

किसनभाऊंच्या मुलीच्या लग्नापर्यंत या नियमाबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

किसनभाऊ राजूरहून वरच्या गावांना जीप चालवायचे. तिकडच्या वाड्यांवरची निम्मी माणसं पहिल्यांदा राजूरला आली असतील ती त्यांच्याच जीपमधून, काही तर जन्मायला. तांदळाची पोती, आजारी म्हातारी, परीक्षेची मुलं, सगळं त्या गाडीत असे. मीही कित्येक लग्नांना त्यांच्या शेजारी बसून, मांडीवर कॅमेऱ्याची पेटी घेऊन गेले आहे. कमी बोलायचे. वळण आलं की हॉर्न वाजवायचे आणि वळणापलीकडे कोण असेल ते आधीच सांगायचे. लग्नाच्या थोडं आधी त्यांनी गाडी भाच्याच्या हातात दिली होती. कंबर दुखते, असं सांगत होते.

मुलगी मनीषा, एकुलती एक. नर्सिंग शिकलेली, हसली की सगळा चेहरा हसणारी. मुलगा आमच्या कोल्हारकडचा, संदीप, साखर कारखान्यात नोकरीला. मला त्याचं अप्रूप वाटलं. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून आमच्या गावाकडे जातं, तशी ही मुलगी चालली होती. लग्न पावसाच्या आधी, त्यांच्या घरापुढच्या खाचरात झालं. खाचर कोरडं ठणठणीत, वर मांडव, आणि मागे डोंगराची निळी रेघ. मी मनापासून फोटो काढले. किसनभाऊ मात्र मला जरा विचित्र वाटले. ते सारखी मान फिरवत होते, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, एकेका माणसावर थांबत. मला वाटलं, मुलीचा बाप, कोणाचं काही कमी पडू नये म्हणून बघत असतील.

संदीपचे फोन लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. कारखान्यातले लोक विचारतात, बहिणीला स्टेटसला ठेवायचेत, निदान दहावीस तरी पाठवा. मुलगा वाईट नव्हता, पण तगादा चिवट होता. मी त्याला नेहमीचं उत्तर देत राहिले.

मग एका बाजाराच्या दिवशी दुपारी किसनभाऊ स्टुडिओच्या दारात उभे राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि माझी खोली अंधारी. ते उंबऱ्याबाहेरच बराच वेळ थांबले. मी दोनदा "या" म्हटलं तेव्हा पाय चाचपत आत आले आणि बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्यांनीही तेच विचारलं, फोटो कधी मिळतील.

मी म्हटलं, "किसनभाऊ, तुम्ही तरी घाई करू नका. जावयांनी आधीच माझा फोन गरम केलाय. महिन्याने देते, चांगले करून देते."

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. मी चहा मागवला, ग्लास त्यांच्या शेजारी बाकावर ठेवला. बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला, आणि तो हात ग्लासाच्या बाजूने निघून गेला. पुन्हा मागे आला, बाकाची फळी चाचपली, ग्लासाला लागला. चहा थोडा सांडला. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"कंबर न्हाई दुखत बाई माजी," ते म्हणाले. "डोळं गेलेत."

आणि मग त्यांनी मला सांगितलं. एके दिवशी उतारावर डाव्या बाजूने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्यावर आली आणि त्यांना ती दिसलीच नाही. मागच्या सीटवरचे लोक ओरडले म्हणून ब्रेक लागला. बाई वाचली, तिला काही झालं नाही, ती तर हसून पुढे गेली. पण किसनभाऊ तिथेच खाली उतरले आणि शेजारी बसलेल्या भाच्याला म्हणाले, कंबर धरलीय, तू चालव. नगरला जाऊन डोळे दाखवले. काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत येते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. जे गेलं ते परत येत नाही. उरलेलं थेंब घालून राखायचं, पण त्यांच्या बाबतीत फार उशीर झाला होता, आणि ते किती टिकेल हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. घरी फक्त बायकोला ठाऊक होतं. लग्न ठरलेलं होतं. पोरीच्या सासरी कळलं तर काय म्हणतील, या भीतीने त्यांनी मनीषालाही सांगितलं नव्हतं.

"नळीतून बघितल्यावानी दिसतंय बगा," ते म्हणाले. "समोरचं तेवढंच. मी मांडवात हुतो, पन मला लगीन दिसलंच न्हाई. एका टायमाला एकच मानूस. पोरीकडं बघितलं का जावई न्हाई, जावयाकडं बघितलं का पोरगी न्हाई. म्हनलं, फोटुत समदं एका जागी असंल. तेवढं बघून घ्यावं."

मी महिन्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या सकाळपासून मी बाकीची कामं बाजूला सारली. त्यांच्यासाठी चांगल्यातले चांगले फोटो निवडले, नीट केले आणि शहाणपणा करून मोठे छापून आणले, भिंतीवर लावतात तेवढे. नजर कमी झाली तर मोठं दिसावं, असा माझा हिशेब. पुढच्या बाजाराला ते आले तेव्हा मी पहिला फोटो त्यांच्यापुढे धरला. सगळं वऱ्हाड होतं त्यात. ते जवळ आले. डोकं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश फिरवलं, मग खालच्या ओळीवरून, एखादं शेत पायी तुडवावं तसं. मग थकून मागे टेकले. म्हणाले, हा लई मोठा हाय बाई, ह्याच्यात फिरावं लागतंय.

तेव्हा मला उमगलं. ज्याला नळीतून बघायचं आहे त्याला मोठा फोटो म्हणजे पुन्हा तोच मांडव. मी तोच फोटो तिथल्या तिथे, पासपोर्ट फोटोंच्या प्रिंटरवर तळहाताएवढा छापला. तो त्यांनी हात लांब करून धरला, थोडा पुढे, थोडा मागे, आणि एकदम हात थांबला. सगळं लग्न त्या नळीत मावलं होतं. मुलगी, जावई, दोन्हीकडची माणसं, मांडव, मागचा डोंगर. त्यांचे ओठ हलत होते. एकेकाचं नाव घेत होते.

मग मी मनीषाचा एकटीचा फोटो दिला. खूप मेहनतीने केलेला. चेहरा उजळ, कातडी मऊ, डोळ्यांत चमक. त्यांनी तो धरला, बघितला, पुन्हा बघितला आणि मला विचारलं, "ही कोन?"

मला वाटलं, नीट दिसत नसेल. मी सांगितलं, मनीषा आहे. ते म्हणाले, मनीषाच्या भुवईत खूण हाय. लहानपणी ती जीपच्या मागे धावत आली होती, मागची पायरी पकडली आणि पडली. डाव्या भुवईत खोक पडली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, एका हाताने ती जखम दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने राजूरपर्यंत गाडी हाकली. ती खूण मी पुसली होती. मनीषानेच सजताना सांगितलं होतं, मावशी, तेवढं काढून टाका. सगळ्याच मुली सांगतात. तीळ, डाग, कपाळावरची शीर. आमच्या धंद्यात त्यालाच फोटो तयार करणं म्हणतात.

मी कॅमेऱ्याच्या कार्डात गेले आणि तोच फोटो जसा उतरला होता तसा काढला. घाम आलेला, कुंकू जरा ओघळलेलं, भुवई मधे तुटलेली. तो बघून त्यांनी अंगठा त्या भुवईवरून फिरवला आणि फोटो सदऱ्याच्या खिशात टाकला.

त्या दिवसापासून त्यांनी मला तयार फोटो मागितलेच नाहीत. त्यांना कच्चे हवे होते. आणि निवडायलाही तेच शेजारी बसले. मी एकेक फोटो पडद्यावर लहान करून दाखवायची आणि ते हो किंवा नाही म्हणायचे. मी जे पहिल्या फटक्यात काढून टाकले असते, नेमके ते त्यांनी ठेवले. बायको घास तोंडात घेऊन कोणाला तरी हाक मारते आहे तो. मनीषा डोळे मिटून जांभई देते आहे तो. स्वतः ते पाठमोरे, जावयाच्या खांद्यावर हात ठेवायला गेलेले आणि हात हवेतच, तोही. इतकी वर्षं मी धंदा केला, पण कोणाचा चेहरा खरोखर कसा आहे हे विचारणारं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. मी ते सगळे तळहाताएवढे छापून, पत्त्यांच्या जोडासारखे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले.

मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे दिवस आणि संध्याकाळ यांतला फरक जातो. किसनभाऊ दर बाजाराला भाच्याच्या जीपमधून खाली यायचे आणि बाजार न करता माझ्या दारातल्या बाकावर बसायचे. घरी उजेड नसतो म्हणायचे, पण मला वाटतं, घरी मोकळेपणाने बघता येत नव्हतं. पिशवीतून एकेक फोटो काढायचा, हात लांब करायचा, बराच वेळ बघायचा. मग डोळे मिटून बसायचं. मग पुन्हा उघडून ताडून बघायचं. पाठ करत होते. मी आत काम करायची आणि मधूनच त्यांच्याकडे बघायची. बाहेर ढग रस्त्यावर उतरलेला असायचा, भाजीवाल्या बायका अर्ध्या दिसायच्या, छत्र्या नुसत्याच तरंगत जायच्या. एकदा ते म्हणाले, आज तुमाला बी माज्यावानीच दिसत असंल. मी म्हटलं, हो. आम्ही दोघं कितीतरी वेळ त्या पांढऱ्या रस्त्याकडे बघत बसलो. मला तेव्हा वाटलं, असंच सगळं थांबून राहावं. कोणाला काही द्यायचं नाही, कोणी विचारायला यायचं नाही.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, हा आजार घरात चालत येतो, मुलांचे डोळे तपासून घ्या. ते त्यांनी मला सहज बोलून दाखवलं आणि वर म्हणाले, दिवाळी होऊ द्या, पोरगी रुळू द्या. मी त्यांना सांगितलं, तुमचं गुपित मी फोडणार नाही, पण तुम्ही दर बाजाराला येणार आणि मी दर बाजाराला विचारणार. आणि मी विचारत राहिले. ते मान खाली घालायचे.

मनीषा पंचमीला माहेरी आली. बरोबर संदीप होता, आणि येता येता दोघं न सांगता स्टुडिओत शिरली. महिना कधीच उलटून गेला होता. मी बापाच्या कामात गुंतले आणि अल्बम तसाच पडला. संदीप दारातूनच बोलत आला. त्याच्यानंतर लग्न झालेल्या मित्रांचे अल्बम येऊन जुने झाले म्हणाला. मी उठेपर्यंत मनीषाचं लक्ष बाकाकडे गेलं होतं. तिथे तिचे वडील बसले होते, हात लांब करून, हातात तिचा फोटो. ती अगदी जवळ, बाजूला उभी होती, आणि फोटोत बुडालेल्या त्यांना तिचा पत्ता नव्हता.

तिने वाकून फोटो बघितला आणि माझ्याकडे वळली. ती रागावली होती, आणि तिचं चूक नव्हतं. तिला न विचारता, तिने न निवडलेले फोटो मी दिले होते, तेही असे. जांभईचा, घामाचा. ती म्हणाली, मावशी, मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं.

तिचा आवाज ऐकून किसनभाऊंनी मान फिरवली. ती कुठे आहे ते शोधत होते. डावीकडे, मग उजवीकडे. ते फिरणं तिने पाहिलं. ती नर्स होती. तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही.

ती त्यांच्यासमोर फरशीवर बसली. आपला हात त्यांच्या कानाच्या रेषेत धरला आणि विचारलं, "बाबा, हात दिसतोय?"

"न्हाई."

हात थोडा पुढे आला. "आता?"

"न्हाई, पोरी."

तो हात इंचाइंचाने पुढे येत राहिला. गालाच्या बाजूने, डोळ्याच्या कडेने. पत्र्यावर पाऊस वाजत होता. संदीप हेल्मेट हातात धरून उभा होता. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा किसनभाऊ म्हणाले, "व्हय, आता."

मनीषाने तो हात तसाच त्यांच्या गालावर ठेवला. मग ते सगळं बोलले, तुटक तुटक. लग्न मोडेल म्हणून लपवलं, तुझे डोळे तपासायला हवेत हे माहीत असून सांगितलं नाही. ते ज्याला घाबरत होते तो जावई शेजारीच उभा होता. संदीप काय म्हणेल याची मलाही धाकधूक होती. तो हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवून बाकावर त्यांच्याजवळ बसला आणि एवढंच म्हणाला, "मामा, आपण उद्याच नगरला जाऊ. तिघंही."

ते गेले. मनीषाचे डोळे स्वच्छ निघाले. दरवर्षी दाखवत जा, एवढंच सांगितलं. ही बातमी किसनभाऊंनी मला पुढच्या बाजाराला येऊन सांगितली तेव्हा त्यांच्याकडे बघून मला वाटलं, एवढे महिने ते स्वतःच्या डोळ्यांसाठी नाही, तिच्याच डोळ्यांसाठी झुरत होते. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं, पण आशा दिली नाही. त्यानंतर दर वेळी दाब तपासायला त्यांना संदीपच नेतो. कोल्हारहून राजूर, तिथून नगर, आणि पुन्हा वर.

अल्बमचं मनीषाने माझ्याशी बसून ठरवलं. मला वाटलं होतं, ती आता भुवईची खूण परत ठेवायला सांगेल. नाही सांगितलं. सासरी चार लोक बघतात मावशी, ती म्हणाली, तिथे पुसलेलीच असू द्या. मी तशीच ठेवली. जाताना मात्र तिने स्वतःसाठी एक तळहाताएवढा फोटो मागून घेतला, तो वडिलांचा हात हवेतच राहिलेला. अल्बम कधी मिळेल, हे त्या दोघांनी विचारलं नाही. मलाच लाज वाटून मी तो लवकर संपवला.

तेव्हापासून माझा महिन्याचा नियम राहिला नाही. लग्न ठरवायला लोक आले की मीच विचारते, घाई कोणाला आहे आणि कशाची. बहुतेकांना नसते. स्टेटसची असते, तिला मी अजूनही दाद देत नाही. पण मधूनच एखादी बाई पदर सारखा करत, आवाज खाली आणून सांगते, की सासूबाई आजारी आहेत. कोणाची सुट्टी संपत आलेली असते, सीमेवर परत जायचं असतं. त्यांचे फोटो मी कॅमेऱ्यातून उतरले तसे, दुसऱ्याच दिवशी देते. नीट केलेले मागाहून. मागाहूनच्या फोटोंची चौकशी त्यांतले काही करतच नाहीत.

भात निघाल्यावर थंडी पडली आणि आमच्याकडे तो उजेड आला, जो वर्षात थोडेच दिवस असतो. ढग नाही, धूळ नाही, डोंगरावरचं एकेक झाड वेगळं दिसतं. अशा एका सकाळी संदीप सासऱ्यांना घेऊन आला. नगरहून परतत होते. संदीप बाहेर गाडीशी थांबला. किसनभाऊ हाताने चौकट चाचपत आत आले. त्यांनी मला सांगितलं, की आता सुईच्या नेढ्यातून बघितल्यासारखं उरलंय, आणि तेही दुपारनंतर नसतं. मी विचारलं, फोटो सगळे बघून झाले का. म्हणाले, झाले, समदे आत हायेत. मग म्हणाले, एक ऱ्हायलाय.

मला कळेना कोणाचा. मी कॉम्प्युटरकडे वळले तशी त्यांनी मला थांबवलं.

"तुमी एकाबी फोटुत न्हाई, बाई. तुमाला बघायचं ऱ्हायलंय."

मी हसले. तरी त्यांनी मला गिऱ्हाईक बसवायच्या स्टुलावर बसायला सांगितलं, दाराकडे तोंड करून, जिथे सकाळचं ऊन येतं. त्या स्टुलावर मी कधी बसले नव्हते. सवयीने हात केसांकडे गेला, पदर सरळ करायला लागले. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या, हाय तसंच ऱ्हाऊ द्या.

ते समोर उभे राहिले. आधी कपाळ बघितलं, मग चष्मा, मग चष्म्यामागचे डोळे, एक, मग दुसरा. नाक, ओठ, गळ्यातला बारीक क्रूस. मान हळूहळू फिरत होती आणि त्यांची नजर कुठे आहे हे मला अंगावर कळत होतं. मी त्यांच्याकडेच बघत होते. रस्त्यावरून कोणीतरी बैलगाडी नेत होतं, तिचा आवाज आला आणि लांब गेला. घाई कोणालाच नव्हती. मग ते पुन्हा कपाळापाशी आले, एकदा सगळं ताडून बघितलं आणि डोळे मिटले.

"बास," ते म्हणाले. "चांगल्या आलात, बाई."